विरोधाचं पोतं

१९ जुलै १९३०, शनिवार

पुढच्या शनिवारी पोत्यावर मी! नको वाटतं. दिवसभर शाळेत मुलींपुढे घसा फोडायचा आणि संध्याकाळी इंद्रभानच्या सरकीच्या गोदामात मोठ्यांपुढे.

हे पोतं म्हणजे आमचं खूळ. सत्याग्रहाच्या मंडळात आम्ही चौघं. एकानं पाळीपाळीनं दारापाशच्या पोत्यावर बसायचं आणि जो बेत निघेल त्याला विरोध करायचा. मनात असो नसो, जीव ओतून. मत मात्र शेवटी हवं तिकडे द्यावं. गेल्या साली सगळ्यांनी माना डोलावल्या, दारूच्या दुकानावर धरणं धरायला गेलो, तर दुकान आठवड्यापूर्वीच दुसरीकडे हललेलं! उकंडराव कापूस बाजारात तोलाईला, गावची खबर त्यांच्याकडे. त्यांना ठाऊक होतं. "सारे हो म्हणून राह्यले होते, मी काहून मोडता घालू?" म्हणे. तेव्हापासून पोतं.

आणि पोत्यानं वाचवलंही आहे, नाही कशाला म्हणू. शिमग्याला विलायती कापड जाळायचं ठरत होतं. इंद्रभान पोत्यावर होता, त्यानं विचारलं, ही लुगडी ज्यांनी दिली त्या बायका उद्या काय नेसतील? कापड परत केलं.

पण थकले आहे. बोलून बोलून जीभ तेवढी तयार झाली.

२३ जुलै

मधल्या सुट्टीत रतनसिंग आला. मेडशीपलीकडच्या तांड्यातून चालत. आमच्या चौघांतला तोच एक असा, की ज्याला जुलूम म्हणजे काय हे पुस्तकातून सांगावं लागत नाही. सरकारी जंगलात चरली म्हणून तांड्यातली निम्मी जनावरं कोंडवाड्यात आहेत. नागपंचमी झाली की शुक्रवारी सगळा तांडा जंगलात शिरून उघड गवत कापणार. आम्ही तिघांनी पुढे उभं राहावं, एवढंच मागणं.

"तुमच्यासारखे लोक समोर असले त लाठी इचार करून पडते, बाई. आमी एकटे असलो त नाई करत."

मी म्हटलं, माझं ठरलं. नोकरी गेली तर गेली.

"आताच ठरवू नका. शनिवारी तुमी पोत्यावर हाय!" आणि हसला. मलाही हसू आलं.

२६ जुलै, शनिवार

काय केलं हे मी!

थोडंसं बोलून मोकळी होणार होते. पण पोत्यावर बसलं की अंगात येतं. म्हटलं — आपण जेलात जाऊ, सुटलो की गळ्यात हार पडतील, वाशिमात मिरवणूक निघेल. तांड्याची जनावरं कोंडवाड्यातच राहतील. आपण एक दिवस पुढे उभे, आणि जंगलाचा जमादार वर्षभर यांच्या मागे. हे यांचं भलं की आपली हौस?

रतनसिंग मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाईचं खोटं नाई. पण गवत त कापाच लागते."

मतं घेतली. जायचं — रतनसिंग आणि मी. नाही — इंद्रभान आणि उकंडराव. बरोबरी झाली की बेत पडतो, आणि पडला की कुणी परस्पर जायचं नाही. नियम!

मी ओरडले, "अहो, मी पोत्यावर होते म्हणून बोलले!"

इंद्रभान कॉलेज सोडून आलेला, पण वकिली सुटलेली नाही. शांतपणे म्हणाला, "पोत्यावरून बोललात म्हणून मुद्दा खोटा होतो का? मला पटला."

मलाही पटला होता. तरी जायचं होतं.

२७ जुलै

आग लागो माझ्या तोंडाला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तांडा आज गेला. एकटा. मी तेव्हा मुलींकडून कविता म्हणवून घेत होते. संध्याकाळी उकंडराव दारात उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "लय मारलं म्हणते, बाई. बायाइलेही." दोघंही उंबरठ्याच्या दोन बाजूंना तसेच उभे राहिलो.

जेवले नाही. नियम कसला आणि मंडळ कसलं!

२ ऑगस्ट, शनिवार

इंद्रभाननं निषेधाचा ठराव लिहून आणला होता. भाषा उत्तम. "अमानुष" तीनदा. वाचणार तोच उकंडराव म्हणाले, "पोत्यावर कोनीच नाई. ठराव मांडाचा कसा?" गंमत नाही, खरंच विचारत होते. पाळी रतनसिंगची होती.

आणि तो आला. डोकं भुरीबाईच्या, त्याच्या बायकोच्या, डोईवरच्या फडकीनं बांधलेलं. त्यावरच्या टिकल्या-आरसे तसेच. कुणाकडे न बघता पोत्यावर जाऊन बसला.

"वाचा."

इंद्रभाननं वाचलं.

"ठरावाले माझा इरोध हाय," रतनसिंग म्हणाला. "गवत अजून उभंच हाय. सोमवारी पुन्हा जाऊन राह्यलो. बोला."

इंद्रभाननं कागदाची घडी करून खिशात घातली. मतं घ्यायचं कुणाला सुचलं नाही. उकंडरावांनी एवढंच विचारलं, "इळे घरूनच आणाचे का?"

५ ऑगस्ट. तांड्यात.

डाव्या हातानं लिहिते आहे, उजवा बांधला आहे. गेलो होतो. आम्ही तिघं सगळ्यांत पुढे. लाठीनं विचार केला नाही. पोत्यावर बसून मी सगळं खोडलं होतं, आम्हाला पुढे बघून लाठी विचार करेल, तेवढं एक सोडून. ते मला खरंच वाटलं होतं.