आइतवारच्या गोळीचं उद्यापन

पेडगाव,
आइतवार, १४ डिसेंबर

चि. राजेश्रीस,

सासूचा पोटभरून आशीर्वाद. इकडं समदे बरे हायत. तुझी तांबडी शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, एकबी बोकड न्हाई. तुझा नवरा शिवशंकर मेंढरं घेऊन रानात गेलाय. भाकरी स्वतःच थापतो, अन् करपलेली गुमान खातो.

तू फोन उचलीनास, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरांनी लिहायलेय. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद तुझ्या वडलांना दाखवता येतो. दाखवच.

आज सकाळी मी कुणाचा हात न धरता, काठी टेकत खंडोबाच्या देवळापर्यंत चालत गेले! दोन्ही मांड्यांत सळया हायत. एक सळी हाड मोडल्यावर घातली. दुसऱ्या पायाच्या एक्सरे फोटोत बारीक चीर निघाली, म्हणून तिथं मोडायच्या आधीच घातली. आता तुला लोखंडाची सासू मिळाली, बस बोंबलत.

आता पेन अडायलाय, तरी लिहिते.

हाडं ठिसूळ झाली म्हणून ती आइतवारची गोळी होती. उपाशीपोटी घ्यायची अन् अर्धा तास आडवं व्हायचं न्हाई. आइतवार खंडोबाचा, मी उगवतीकडं तोंड करून उभ्यानं घ्यायची. पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता बस. तूच मला समजावलंस, मी हो म्हणले. पण देवाचा नेम उद्यापनाबिगर सोडायचा कसा? अन् गोळीचं उद्यापन म्हणलं तर तुमी हसला असता. म्हणून ताडकळसच्या बाजाराला गेले की जुनी चिठ्ठी दाखवून आणायची. चार वर्षं चोरून घेतली, राजेश्री.

मांडी चार महिने ठणकायली होती. मी वात म्हणायची. त्या दिवशी तू मोठ्यानं भांडलीस ती मला फोटो काढायला नेण्यासाठी. मी रागानं वळले अन् उभ्या उभ्या हाड कडकन मोडलं. आवाज ऐकून शेजारची सरजाबाई पळत आली, सुनेनं ढकललं का म्हणून विचारलं. मी गप राहिले.

गोळीचं नाव निघालं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती. गावानं तुला बोल लावला, तू रडत माहेरी जिंतूरला गेलीस, मी तवाही गप. लय लाज वाटते पोरी. मला माफ कर.

डॉक्टरला मातर खरं सांगितलं. ते म्हणाले, ही गोळी लय वर्षं चालली की कवामवा हाड न पडताच आडवं मोडतं, खडूवानी. गोळी वाईट न्हाई, तुमी थांबायचं तिथं थांबला न्हाईत.

आज देवळात समदं गाव होतं. मी मोडल्या हाडाचा फोटो उन्हाकडं धरला.

"हे बघा. चोरून घेतलेल्या गोळीनं हाड आधी मोडलं, मी मागून पडले. माझ्या सुनेनं मला हात लावला न्हाई. ती मला वाचवायली होती."

मग सरजाबाईनंच मूठभर भंडारा उधळला, अन् माझ्या गळ्यात पडून रडली. मीबी रडले, पण उभ्यानं.

पुढल्या आइतवारी उद्यापन हाय, पुरणाचं. पहिला मान तुझा. पण आधी शुक्रवारच्या बसनं मी जिंतूरला येतेय, एकटी. तुझ्या वडलांसमोर हेच बोलणार हाय. माघारी माझ्यासंगं यायचं का न्हाई, ते तू ठरव. फकस्त स्टँडवर ये अन् बघ, बसच्या पायऱ्या मी कशा उतरते.

कुणी न ढकलता पडलेली अन् आता उभी राहिलेली,
तुझी सासू
मनकर्णाबाई