मनाच्या मॅडमकडे उपाशीपोटी

पिंपळगाव बसवंत,
सोमवार

सावळीराम दाजी,

तुमच्या मेव्हण्याचा, वाल्मीकचा, वाकून नमस्कार. अक्काचा गुडघा, तुमचा खोकला आणि मालेगावचा उकाडा ही तिन्ही मंडळी आपापल्या जागी ठाकठीक असतील अशी आशा. इकडे सगळे मजेत. मी तर इतका मजेत आहे की घरच्यांना संशय येतोय.

त्याचं असं झालं. हायवेवर द्राक्षांचा टेम्पो उलटला तेव्हा चालवत मी होतो, शेजारी तुम्ही, आणि दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. (लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा आपण हा किस्सा सांगून लोकांना हसवलंय. दहाव्याला जरा जास्तच.) पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की माझी छाती धडधडते, हे मी कुणाला बोललो नव्हतो. पाठ धरली म्हणून सांगून ड्रायव्हर ठेवला. शेवटी आमच्या हर्षालीनं पकडलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, इंजिन उत्तम आहे. तशी पोरीनं नाशिकला गंगापूर रोडवर मनाच्या मॅडमची वेळ घेतली.

पहिलीच खेप, म्हणून मी उपाशीपोटी गेलो. (तपासणी म्हटली की आपल्याला एवढंच ठाऊक.) बगलेत छातीचा एक्स-रे. तिथं आडवं झोपवतात असं ऐकलं होतं, म्हणून न फाटलेले मोजे शोधून घातले. बघतो तर नुसत्या दोन खुर्च्या! तेजस्विनी मॅडम हर्षालीहून थोड्याच मोठ्या. शांतपणे म्हणाल्या, "कसं येणं झालं?"

म्हटलं, "एसटीनं."

बाईंना आधी हसवावं, म्हणून आपला किस्सा काढला. क्रेट कसे उडाले, मी द्राक्षांच्या चिखलात कसा बसलो, लोक मला सोडून घड कसे उचलत होते, सगळं हातवाऱ्यांसकट. मॅडम हसल्याच नाहीत. ऐकू आलं नसेल म्हणून शेवट पुन्हा मोठ्यानं सांगितला. तर हळूच म्हणाल्या, "फार घाबरला असाल ना तेव्हा?"

दाजी, इतक्या जणांनी ऐकलं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. मी "हो" म्हणालो, आणि त्याच्यामागून जे डोळ्यांतून सुरू झालं ते काही थांबेना. टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा (मला वाटलेलं, नाश्ता येणार) अर्धा संपवला. तेवढ्यात माझं उपाशी पोट असं गरजलं की मॅडम दचकल्या, आणि मग आम्ही दोघंही खो खो हसत सुटलो. बाहेर पडलो तो थेट मिसळीवर, आणि वाढप्यालाही म्हणालो, "बाबा, मी घाबरलो होतो!" त्यानं रस्सा जास्त वाढला.

धडधड अजून आहे. एका भेटीत जात नसते, म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचंय. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
वाल्मीक

ता. क. : पत्र लिहिलं ते यासाठी, की रविवारी या. टेम्पो अंगणातच राहील, चावीही फिरवणार नाही. मी नुसता स्टिअरिंगवर बसेन, तुम्ही शेजारी बसा. इकडे यायचं तर हल्ली तुम्ही हायवे सोडून मनमाडवरून वळसा घालता, "तिकडची हवा चांगली" म्हणून. मला कळतं, दाजी.

आणखी एक : टेम्पो उलटताना "आई गं" म्हणत कोण कुणाच्या गळ्यात पडलं, तेही मॅडमना सांगितलंय. नाव तुमचं घेतलं. मंगळवारी दुरुस्त करतो, पण अक्कासमोर तेच राहू द्या.