चष्म्याच्या घरातला अडॅप्टर

आई,

तू आंघोळीला गेलीस आणि मला उशीर होतोय, म्हणून लिहून ठेवतेय.

कॉम्प्युटरच्या मागे नखाएवढा काळा तुकडा खोचलाय, तो वायफायचा अडॅप्टर. मोबाईल तू कपाटात ठेवतेस, म्हणून हा खटाटोप. त्याचा निळा दिवा लुकलुकत असेल तरच माझा कॉल येतो. तो काढून, पुसून बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवू नकोस. दिवा गेलाच तर काढून पुन्हा खोच आणि मिनिटभर थांब.

परवा तू गच्चीत कपडे वाळत घालत होतीस आणि मी अकरा कॉल करून ऑफिसातून धावत आले. तू म्हणालीस, "अगं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" त्यावर मी नको ते बोलले. चुकलं माझं.

आज एक वाजता कॉल करीन. बोलायचं नसेल तर नुसती समोर बस.

शेजारच्या काकूंकडे आपली किल्ली दिलीय. तू दोनदा उचलला नाहीस तर त्या आत येतील. रागावू नकोस, पण दाराला आतून कडी घालू नकोस. बाबांच्या वेळी दार तोडायला वीस मिनिटं लागली होती.