पुलाखालचा लंगडा कुत्रा

ताई,

आपल्या लाडक्या गेमच्या नव्या भागाला वेगळे पैसे लावले म्हणून सगळे खवळले, तेव्हा मीही नेटवर टोपणनावाने लिहिलं, "हा भाग करणाऱ्यांनी हा गेम कधी जीव लावून खेळलेलाच नाही." हजारोंनी ते उचलून धरलं. त्या कंपनीत गेममधली जनावरं तूच घडवतेस, तरी मला तेव्हा फक्त कंपनी दिसली.

तू फोनवर म्हणालीस, "त्या मेल्याचं वाक्य फार लागलं रे."

मी म्हणालो, "सोड गं, रिकामटेकडे असतात."

आज तो भाग घेऊन पहिल्यांदा खेळलो. पुलाखालून आपला लहानपणचा लंगडा कुत्रा आला, तसाच तीन पायांवर उड्या मारत. मी थांबलो की तोही थांबतो. मला पुढे जाववत नाहीये.

तुझा,
तोच मेला