पाणी मारलेलं गवत

माघ वद्य एकादशी, संध्याकाळ

उद्या आपल्या लग्नकार्याच्या लॉनवर एकांकडचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे आणि आज गवत कापायच्या गाडीनं पुन्हा दगा दिला. गवत आणि सागाची पानं ओढून तिनं नळीतून मागच्या पिशवीत भरायची. पिशवी रिकामीच! मागं नुसते ओल्या पानांचे गोळे पडत गेले. उपवासाच्या पोटी मी ते हातानं वेचले. यांना नको नको ते बोलले, की बसून चालवायची ही जुनी गाडी आणलीच कायले?

गाडी चालवणारे महादेवभाऊ खाली उतरले, नळीत हात घालून लगदा काढला. म्हणाले, "वहिनी, कापायच्या आधी पाणी काऊन मारता?"

"धूळ उडू नये म्हणून. अंगण झाडताना शिंपडत नाही का?"

"हा झाडू नाही ना जी! ओलं पान नळीतच चिकटून राहिलं, पिशवीत कसं जाईल?"

पाणी. आठ दिवस रोज मीच मारत होते, तेही कौतुकानं. मग त्यांनी कोपऱ्यातला कोरडा तुकडा कापून दाखवला, तर पिशवी गच्च. आता उद्या दव सुकल्यावर नऊला कापायचं, पाहुणे अकराला. होईल ना, देवा?

हे ओसरीवर हसत होते. "आता कोणाले बोलशील?"

मी म्हटलं, "हसू नका, तुमचं ताट वाढलं आहे."

एवढीच माझी माफी. समजले असतील.