वरची बाजू

दादा,

इस्पितळाच्या सहा मजली भिंतीवर तुझं जलरंगातलं चित्र फरशांमध्ये उतरवायचं ठरलं, तेव्हा तू आर्किटेक्टला म्हणालास, "चौकटी आमची धाकटी आखेल. चित्रातलं वर-खाली तिला कळत नाही, पण पट्टी सरळ धरते." सगळे हसले. मीही हसले.

मग तुझा कागद उलटा ठेवून मी चौकटी आखल्या, त्यांना क्रमांक घातले, आणि कारागिरांनी त्याच क्रमाने फरशा बसवल्या. उद्घाटनाला तू त्या उलट्या भिंतीसमोर डोळे पुसत म्हणालास, "अगदी माझ्या मनातलं!"

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू भिंत पाडायला लावशील, आणि मला ती रोज बघायचीय.

सही तेवढी मी सुलटी करून खाली बसवली. नाहीतर चित्र तुझं आहे हे तुला कळलं कसं असतं?

तुझी,
पट्टीवाली