सातव्या दिवसाची तपासणी

१२ जानेवारी १९३०

पोचलो एकदाचे! साताऱ्याहून मोटारीनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढं बैलगाडीनं हे आडखोल गाव. राही घाटात तीनदा ओकली, पण खाडी दिसल्याबरोबर टाळ्या पिटायला लागली. चार वर्षांची पोर, तिनं एवढं पाणी कुठं पाहिलंय!

न्यायला शिपाई केरू आला होता. वाटेत एका घरी त्यानं घावनं करायला लावली. नारळाच्या रसाबरोबर सहा खाल्ली, सातव्याला विमलानं डोळे वटारले. तास-दीड तास गेला असेल. गाडी तोवर उघड्या कातळावर उन्हात उभी. लशीच्या पेटीवरचं ओलं फडकं पार वाळून कडक झालं होतं. पुन्हा पाणी मारलं. जानेवारीचं ऊन ते काय!

घर खाडीच्या कडेला, पुढं ऐसपैस पडवी. देवी टोचायला यापेक्षा चांगली जागा नाही. वडीलही हेच काम करायचे, पण त्यांना असली पडवी जन्मात मिळाली नाही.

१५ जानेवारी

आज नऊ पोरं टोचली, तीही खोतांनी दम भरला म्हणून. बाकीच्या बाया अंगणाबाहेर पदर तोंडाला लावून उभ्या. त्यांचं म्हणणं, खाडीपलीकडच्या गावांत देवी आल्याच आहेत, त्यात या परक्या माणसाच्या सुईचा भरवसा काय? शेजारची म्हातारी सोनूबाई तर स्पष्टच म्हणाली, आधी तुमच्या पोरीला टोचा, मग आमची आणू.

मी याचीच वाट बघत होतो! राहीला आजवर टोचलेलं नाही. आधी ती अशक्त होती, आणि नंतर मीच मुद्दाम ठेवली. टोचणाऱ्यानं स्वतःची लेक सगळ्यांदेखत टोचली की गाव आपोआप हात पुढं करतं. पुढच्या गुरुवारी, तेवीस तारखेला, गावासमोर टोचीन असं जाहीर करून टाकलं.

विमला संतापली. आपली पोर म्हणजे काय दवंडीचा ढोल आहे का, म्हणाली. रागावली की ती छान दिसते. तसं सांगितलं तर ताटलीच आपटली.

२२ जानेवारी

सातवा दिवस म्हणजे तपासणीचा. टोचलेलं उठलं की नाही ते दंड बघून रजिस्टरात लिहायचं. नऊच्या नऊ दंड कोरडे ठाक. एकालाही फोड नाही. लस मेली होती. त्या कातळावर, मी घावनं हाणत होतो तेव्हा. नवी यायला तीन आठवडे लागतील, आणि उद्या गुरुवार. साऱ्या गावासमोर तोंडघशी पडणार!

आया पोरांना घेऊन गेल्या तेव्हा पडवीच्या टोकाला एक मुलगी उरलेली दिसली. सात-आठ वर्षांची, एकटी. डावा हात पुढं करून उभी. दंडावर टपोरा, मोत्यासारखा फोड! देवा, जीव भांड्यात पडला. पंधरा तारखेला ही कुठं होती ते आठवेना, पण गर्दीत लिहायची राहिली असेल. नाव विचारलं तर चिमा म्हणाली.

वडील जुन्या रीतीनं, एका पोराच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत. आता त्याला मनाई आहे. पण कोण बघतंय? तिच्या फोडातलं पाणी काचेच्या पट्टीवर घेतलं. तिचा हात गार होता. जाताना येते म्हणाली आणि गेली. केरूला, विमलाला, कुणालाच बोललो नाही.

२३ जानेवारी

फत्ते! राहीला मांडीवर घेऊन पहिली तिला टोचली. रडली नाही वाघीण. मग त्या नऊजणांना पुन्हा; पट्टीवर तेवढ्यापुरतंच होतं. सोनूबाईनंही मान डोलावली. संध्याकाळी खोतांकडून सोलकढी आली. आख्खा तांब्या एकट्यानं संपवला.

३० जानेवारी

तपासणी. दहाही दंडांवर फोड, एकापेक्षा एक. राहीला थोडी कणकण आहे, ती असतेच. विमला उगाच काळजी करते.

दुपारी चिमा पुन्हा आली. त्याच जागी, हात पुढं करून. म्हटलं, तुझं झालं, पळ आता. गेली नाही. मी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात गेली असावी.

१ फेब्रुवारी

राहीला फणफणून ताप. पाठ दुखते म्हणते. नऊपैकी पाच घरांतून तेच निरोप. एकदम एवढा ताप येत नाही. येऊ नये.

२ फेब्रुवारी

राहीच्या कपाळावर बारीक पुरळ. तळहातांवर. तळपायांवर.

मी बारा वर्षं हे काम करतो. तळहातांवर काय उठतं ते मला कळतं.

ह्या देवी आहेत. खऱ्या.

३ फेब्रुवारी

केरूला विचारलं, चिमा कुणाची? सोनूबाईची नात, म्हणाला. पाच वर्षांमागं देवीत गेली.

माझ्या आधीचा टोचणारा खाडी ओलांडायचाच नाही, असं केरू सांगतो. पलीकडं तरीपाशी, होडी लागते तिथं, आंब्याखाली बसून रजिस्टर भरायचा. जुनं रजिस्टर फळीवरून काढलं. आहे. चिमा, वय सात, डावा दंड, टोचलेलं उत्तम उठलं. त्याखाली आणखी बारा नावं, सगळ्यांचं उत्तम. टोचलं एकालाही नव्हतं. त्या साली तेराही पोरं गेली.

आणि तिच्या कानामागं, केसांत, आणखी एक फोड होता. टोचलेलं दंडाखेरीज दुसरीकडं उठत नाही. त्या दिवशी मी तो पाहिला होता. पाहिला आणि मान वळवली. हे इथं तरी खरं लिहितो.

५ फेब्रुवारी

नऊही घरांच्या दारांना कडुलिंबाचे डहाळे. देवी घरात असताना फोडणी देत नाहीत; कुठंच तिचा वास नाही. गावात पोरं रडतात तेवढाच आवाज. सोनूबाई रोज येऊन राहीच्या पायाशी डोकं ठेवते, माफ कर गो बाय, म्हणते. तिनं कसली माफी मागायची! तिला सांगावंसं वाटतं. धीर होत नाही.

विमलानं एकदाच विचारलं, त्या दिवशी काय टोचलंत? सरकारी लस, म्हणालो.

६ फेब्रुवारी

पहिलं पोर गेलं. खालच्या आळीतलं.

चिमा रोज येते. भर दुपारी. हात पुढं. मला एकट्यालाच दिसते. निरखून बघते.

७ फेब्रुवारी

आणखी दोन. राहीचे डोळे मिटलेत सुजेनं. बाबा कुठंयत विचारते. मी शेजारीच —

रजिस्टर उघडलं. चिमाच्या नावापुढचं उत्तम खोडून लिहिलं, टोचलीच नाही. तिला दाखवलं. म्हटलं, झालं ना? माझ्या लेकीला सोड. पाया पडलो.

ती हात खाली घेत नाही.

८ फेब्रुवारी

सहा गेली. विमलाला सगळं सांगितलं. कातळ, घावनं, काचेची पट्टी. रागावली असती तर बरं होतं. नुसती उठली आणि राहीला घेऊन आतून कडी लावली.

दारापाशी बसून आहे. श्वास ऐकू येतो. मोजतो —

९ फेब्रुवारी, दुपार

पडवीत रांग आहे.

पुढं चिमा. मागं सहा जण — मी टोचलेली. डावे हात पुढं. म्हणजे तपासणी. नीट बघायला हवं. प्रत्येक दंड, कानामागंसुद्धा. बघतोय. लिहितोय. सगळं खरं लिहितोय —

एक. दोन. तीन.

आत विमला ओरडली. मला हाक नाही मारली — नुसती ओरडली. उठायला पाहिजे — पण रांग —

सहा झाले. संपायला हवी होती. शेवटी अजून एक उभं आहे. बुटकं. परकर ओळखीचा, वाईच्या बाजारात मीच घेतलेला —

ये बाळ. कर हात पुढं. बघू —